मापाला नेलेला प्रोसेसर

कोरेगावाहून निघालेली पॅसेंजर सांगली स्टेशनात येऊन थांबली, तेव्हाच विजयमालाचे पाय भरून आले होते. टेकायला जागा मिळाली ती भिलवडीला, म्हणजे उतरायची वेळ झाल्यावर. नवरा कृष्णात पुढं चालत होता. चोवीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस. मागं कोण राहिलं हे वळून बघायची त्याला सवय नव्हती.

काम सुनेचं होतं. क्रांती मागच्या खोलीत बसून साताऱ्याच्या एका आर्किटेक्ट बाईंसाठी बंगल्यांची चित्रं करायची. घर बांधायच्या आधीच ते पडद्यावर उभं राहायचं, खिडकीतून सोप्यात ऊन आलेलं सुद्धा दिसायचं. मुलगा पृथ्वीराज सैन्यात, लांब. लग्न होऊन आली तेव्हाच क्रांतीनं सांगून टाकलं होतं की काम सोडणार नाही. इथून जमलं तर इथून, नाहीतर पुण्याला बहिणीकडं राहून. तीन वर्षं इथून जमलं. आता तिला सातवा सरत आला होता, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, आणि सोमवारी गेलेली लाईट परत येताना असा दणका देऊन आली की कॉम्प्युटर जो बंद पडला तो पडलाच. कोरेगावच्या मेकॅनिकनं उघडून बघितलं. म्हणाला, मदरबोर्ड जळालाय, बाकीचं सगळं धड आहे.

शनिवारी एका बंगल्याची चित्रं द्यायची होती. आर्किटेक्ट बाई फोनवर गोडच बोलल्या, "नसेल जमत तर सांग गं. मी दुसऱ्या मुलीला देते. तू आराम कर." त्या गोड बोलण्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. हे काम गेलं की पुढचं येणार नाही, आणि बाळंतपण उरकलं की क्रांती बाळाला घेऊन पुण्याची वाट धरणार. पुण्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

साताऱ्यातली तीन दुकानं फिरून झाली होती. म्हणून बुधवारी सांगली.

दुकानाचे मालक चिंतामण, साठीला टेकलेले, चष्मा कपाळावर चढवून बसलेले. कृष्णातनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. क्रांतीनं लिहून पाठवलं होतं, बी पाचशे पन्नास, चार रॅम बसतील असा.

"बी पाचशे पन्नास संपलाय. पुढच्या आठवड्यात येईल."

"मग काय काय हाय?"

"बी चारशे पन्नास आहे, बी पाचशे साठ आहे, सहाशे साठ आहे, सातशे साठ आहे. एच पाचशे दहा, एच सहाशे दहा. ए पाचशे वीस आहे." एसटीच्या कंडक्टरनं थांबे म्हणावेत तसं चिंतामण म्हणत गेले. "बोर्डावरच्या मुख्य चिपचे नंबर आहेत हे. तुमचा प्रोसेसर कोणता, त्यावर ठरतं."

"ह्यात चांगला कुठला?"

"चांगला-वाईट असं नसतं, साहेब. बसणारा असतो आणि न बसणारा असतो."

"पर मोठा नंबर म्हंजे नवा ना?"

"कधी असतो, कधी नसतो." चिंतामणांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. दिवसातून दहादा हे सांगून त्यांचा आवाज सपाट झाला होता. "दोन कंपन्या आहेत. पाचशे पन्नास एकीचा, पाचशे साठ दुसरीचा. सहाशे पन्नास हिचा, सहाशे साठ तिचा. एकीनं एक आकडा धरला की दुसरी शेजारचा धरते. तीस वर्षं हेच करतोय, तरी मीसुद्धा खोका दोनदा वाचतो. घरातला प्रोसेसर इंटेलचा आहे का एएमडीचा?"

"इंटेल," कृष्णात म्हणाला. "पलटणीच्या हापिसात समदी इंटेलचीच हुती."

"पलटणीतलं नव्हे, घरातलं विचारतोय."

"तेच की. इंटेलच हाय."

"पण पाचशे पन्नास तर एएमडीला लागतो."

"मग पोरीचंच कायतरी चुकलं असंल."

विजयमालानं मान वर केली. क्रांतीचं असलं काही चुकत नाही. किराणा मालाच्या यादीत सुद्धा ती कुठल्या डब्यात किती उरलंय ते लिहून मग किती आणायचं ते लिहिते. "आवं," ती हळूच म्हणाली, "एकदा फोन लावा की तिला."

कृष्णातनं लावला. वाजून वाजून बंद झाला. "गोळी घेऊन झोपली असंल. कशाला उठवायची." मग तो दुकानदाराकडं वळला आणि बांधावर उभं राहून बोलावं तसं बोलायला लागला. "हे बघा, आमचा उसाचा धंदा. त्यातबी आकडेच असत्यात. बेणं आणायला गेलो आणि शहाऐंशी बत्तीस न्हाई मिळालं, तर सरी मोकळी ठेवतो व्हय? दोनशे पासष्ट आणतो. पाहिजे ती जात नसंल तर हाय त्यातली नवी घ्यायची. चारशे पन्नास जुनं बेणं, ते ऱ्हाऊ द्या. पाचशे साठ नवा हाय न्हवं?"

"पाचशे पन्नासच्या नंतर आलाय, एवढं खरं."

"मग द्या तर त्योच."

दुकानात आणखी चारजण उभे होते. चार माणसांत नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे विजयमालाला कुणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच मुरलं होतं. तिनं पिशवीचे बंद हाताला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले. चिंतामणांनी खोका दिला. "नाही बसला तर दोन दिवसांत आणा. जसा नेला तसा असेल तर बदलून देईन," ते म्हणाले. तिनं तो पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. विजयमाला पहाटेच उठली, अंघोळ करून पाटाभोवती रांगोळी काढली, तांब्यात पाच प्रकारच्या डहाळ्या ठेवून घट मांडला. घरात आलेली नवी वस्तू हळद-कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही त्या घरची रीत. ट्रॅक्टर आला तेव्हा, मिक्सर आला तेव्हा, पृथ्वीराजची सैन्यातली पेटी पहिल्यांदा घरी आली तेव्हासुद्धा. तिनं खोका घटासमोर ठेवला. मग तिच्या मनात आलं, पुठ्ठ्याला कुंकू लावून काय उपयोग? फ्रिज आला तेव्हा काय खोक्याला लावलं होतं? फ्रिजलाच लावलं होतं.

चंदेरी पिशवीतून तिनं बोर्ड अलगद बाहेर काढला. शहरातल्या चौकाचं वरून चित्र काढावं तसा दिसत होता. गल्ल्या, घरं, पाण्याच्या टाक्या. खालच्या कोपऱ्यात धातूची एक चौकोनी पट्टी होती, देवघरातल्या टाकासारखी लकाकणारी. तिनं हळद भिजवली, पट्टीवर बोट टेकलं, वर कुंकू लावलं, पाच अक्षता वाहिल्या. हात जोडून एवढंच म्हणाली, "पोरीचं काम तेवढं शनिवारपतूर हू दे."

रात्री ती दोघं परतली तेव्हा क्रांती झोपली होती; सकाळी आठ वाजता उठली. कॉटवर पाय वर घेऊन तिनं बोर्ड मांडीवर घेतला. पट्टीवरचं कुंकू तिला दिसलं. ती कापूस घेऊन पुसायला लागली. कुंकू निघालं. हळद राहिली. मग तिनं जुन्या बोर्डावरून प्रोसेसर सोडवला, नव्या बोर्डावरचं झाकण उघडलं, आणि तिचे हात थांबले.

"आई, हे बघा."

प्रोसेसर म्हणजे एवढासा चौकोनी तुकडा, गुळाच्या वडीएवढा. त्याच्या पोटाला सोनेरी काटे, केसासारखे बारीक, ओळीनं उभे. आणि नव्या बोर्डावर जिथं तो बसायचा तिथंही काटेच. जुन्या बोर्डावर त्या जागी भोकं होती.

"दोन्हीकडं काटे हायत," विजयमाला म्हणाली.

"हा इंटेलचा बोर्ड आहे. आपला प्रोसेसर एएमडीचा. दुकानदारानं विचारलं नाही?"

"इच्यारलं हुतं."

"मग?"

"त्यास्नी वाटलं इंटेल हाय."

"मला फोन करायचा ना."

"क्येला हुता. तू झोपली हुतीस. कशाला उठवायची म्हनले."

"उठवायचं ना, आई." क्रांतीनं पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. ती रागावली असती तर विजयमालाला बरं वाटलं असतं. "आज गुरुवार. बसवून परत सगळं चालू करायला अर्धा दिवस. चित्रांना दीड दिवस. राहू दे. मी मॅडमना सांगते, दुसऱ्या मुलीला द्या म्हणून."

"सांगू नगंस," विजयमाला म्हणाली. "आज सांगू नगंस. मी जाऊन येती."

तेवढ्यात कृष्णात शेतातून चहाला आला. ऊसतोडीची टोळी नेमकी त्याच दिवशी फडात उतरली होती, ट्रॉली भरायला लागली होती. त्याला हलता येणार नव्हतं. त्यानं उभ्याउभ्या सगळं ऐकलं. प्रोसेसर बघितला, बोर्ड बघितला.

"नंबर तर नवा हुता," तो म्हणाला.

चहा पिऊन झाल्यावर त्यानं कपाटातून पैसे काढून बायकोच्या हातात ठेवले आणि कुणाकडं न बघता फडात निघून गेला.

विजयमालानं लुगडं बदललं. बोर्ड परत खोक्यात घातला. मग क्रांतीपुढं हात पसरला. "त्यो बारका तुकडा बी दे."

"प्रोसेसर? तो कशाला?"

"मी ब्लाऊज शिवायला टाकती तवा शिंपिणीला काय आकडे सांगती? मापाला जुनं ब्लाऊज देती. आकड्यांचं मला कळत न्हाई, त्यास्नीबी कळंना. बसतंय का न बसतंय ते डोळ्यांनी बघून आणती."

"आई, तेराशेच्या वर काटे आहेत त्याला. एक जरी मोडला तरी तोही गेला. मग बोर्ड मिळून उपयोग नाही."

"धरून बसती मी."

शेवटी क्रांतीनं न्हाणीघरातून साबणाची कोरी डबी मागवली, खोक्यातल्या स्पंजाचा तुकडा कापून तळाला घातला, त्यावर प्रोसेसर ठेवला, वर कापूस. डबीला रबर लावलं. "डोळ्यांपुढंच ठेवा," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी पॅसेंजर कालच्यापेक्षा भरलेली होती. विजयमालानं डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दाराजवळच्या लोखंडाला खांदा देऊन उभी राहिली. हात मोकळा नाही म्हणून पदर सावरता येईना. एका बाईनं विचारलं, "मावशी, देव हाय का डबीत?" ती म्हणाली, "सुनेचं हाय." त्यावर बाई आणखी कोड्यात पडली. गुरुवारचा उपास, सकाळपासून घोटभर पाणी. ताकारीला गाडी हिसका देऊन थांबली तेव्हा मागचा सगळा लोंढा तिच्या अंगावर आला, आणि डबी तिच्या आणि लोखंडाच्या मध्ये दाबली गेली. रबर तुटलं नाही. पण उघडून बघायचा धीर तिला झाला नाही. सांगलीपर्यंत ती मनातल्या मनात देवीचं नाव घेत राहिली, आणि मधे मधे ते नाव विसरून नुसतीच डबीकडं बघत राहिली.

चिंतामणांनी बोर्ड दिव्याखाली धरला. तिरका केला. मग चिमट्यानं एका खाचेतून तांदळाचा दाणा काढून काउंटरवर ठेवला.

"मावशी, हा पुजलाय."

"व्हय."

"पट्टीवर हळद आहे. स्क्रूच्या कडेनं आत गेलीय. दर दसऱ्याला असे दोन-तीन येतात माझ्याकडे." त्यांनी बोर्ड हळूच खाली ठेवला. "नाही घेता येणार. कंपनी माझ्याकडून घेणार नाही. काल मी म्हटलं होतं, जसा नेला तसा."

"म्हनला हुता," विजयमाला म्हणाली. ती भांडली नाही, गयावया केली नाही. काउंटरच्या कडेला धरून उभी राहिली. काल नवऱ्याचं बोलणं, आज आपलं कुंकू. एकानं फसवलं आणि दुसऱ्यानं दार लावलं. "मग ऱ्हाऊ द्या. दुसरा बघा एक. ह्याच्या मापाचा." तिनं साबणाची डबी काउंटरवर ठेवली.

चिंतामणांनी रबर काढलं, कापूस उचलला, आणि आतलं बघून तिला आधी स्टूल दिलं. "गाडीतून आणलात हा? असा?"

"मापाला आणलाय."

ते पहिल्यांदाच हसले. "लोक बिलं आणतात, फोटो आणतात, मोबाईलवर कुणाकुणाचे व्हिडिओ दाखवतात. माप कुणी आणत नाही."

"नावं तरी असली कशी वो ठेवत्यात? मानसानं वळखायचं कसं?"

"ओळखू नये म्हणूनच ठेवत असतील. कधीकधी तर मावशी, आतली चिप जुनीच असते, नाव तेवढं नवं. लग्न होऊन आलेल्या पोरीसारखं."

माहेरी विजयमाला उमा होती. विजयमाला हे ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव. पहिले सहा महिने हाक आली तरी तिची मान वळायची नाही. "नाव बदललं तरी माप तेच ऱ्हातंय," ती म्हणाली. "माहेरची चोळी बसायचीच की मला."

चिंतामणांनी फळीवरून बी चारशे पन्नासचा खोका काढला. "काल साहेबांनी जुनं बेणं म्हणून नको म्हटलेला हाच. पाचशे पन्नासच्या आधीचा आहे, पण घराणं तेच. चार रॅम बसतात." त्यांनी प्रोसेसर चिमटीत धरून दिव्यासमोर आडवा केला, डोळ्याजवळ नेला, आणि चष्मा नाकावर ओढून परत बघितलं.

"काय झालं?"

"कोपऱ्यातला एक वाकलाय."

ताकारीचा तो हिसका विजयमालाच्या खांद्यात अजून दुखत होता.

"वाकलेला सरळ करता येतो," चिंतामण म्हणाले, "पण एकदाच. दुसऱ्यांदा मोडतो." त्यांनी ड्रॉवरमधून टिकटिक करायची शिसपेन्सिल काढली, आतलं शिसं काढून टाकलं, आणि रिकाम्या टोकाची नळी त्या काट्यावर अलगद चढवली. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला मान न वळवता म्हणाले, "दोन मिनिटं थांबा." नळी सूतभर वर आली. थांबली. परत सूतभर. विजयमालाचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. कशाकशाची शिक्षा म्हणून हा काटा मोडावा, याचा ती हिशोब करत होती, आणि तिला तीनचार कारणं सापडली होती.

चिंतामणांनी पेन्सिल काढून घेतली. प्रोसेसर चारशे पन्नासवर नुसता ठेवला, दाबला नाही. तो आपल्या वजनानंच खाली गेला, भांड्यावर झाकण बसावं तसा.

त्यांनी पंखा लावला, रॅम लावली, वायरी जोडल्या. पडदा काळा राहिला. बराच वेळ काळाच राहिला. मग त्यावर पांढरी अक्षरं आली.

"चालला," चिंतामण म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवला. "आता हा काढायचा नाही. बसलेला असाच न्या, बोर्डासकट. वाटेत कुठं पुजायला थांबू नका."

"न्हाई," विजयमाला म्हणाली. तिला हसू आलं असतं, पण हसायलाही बळ लागतं.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. क्रांती दारातच खुर्ची टाकून बसली होती. खोका घेतला आणि मागच्या खोलीत गेली. विजयमाला घटाला हात जोडून आली, नैवेद्य दाखवला, दोन घास खाल्ले आणि त्याच खोलीत भिंतीला टेकून बसली. स्क्रू फिरवल्याचे बारीक आवाज येत होते. क्रांतीनं मधेच विचारलं, "जुना परत घेतला त्यांनी?"

"न्हाई. कुंकवामुळं न्हाई घेतला. माझीच चूक हाय."

क्रांतीनं स्क्रू घट्ट केला. "आधी आप्पांची आहे, इंटेल म्हणून सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "आणि तुमची दुसरीच आहे. तुम्हाला ठाऊक होतं मी चुकीचं लिहीत नाही. तिथं बोलला का नाहीत?"

विजयमालाजवळ याचं उत्तर होतं. पण ते या खोलीत, या पोरीसमोर सांगावं असं तिला वाटेना. "मानसं हुती," एवढंच ती म्हणाली.

"माणसं असतातच दुकानात."

कॉम्प्युटर चालू झाला. कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. क्रांती पाठीला दोन उशा लावून कामाला बसली. शुक्रवारचा सगळा दिवस ती बसली. विजयमाला तिला तासातासानं उठवून अंगणात चार फेऱ्या मारायला लावी, पाय चेपून देई, भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून हातात देई. कृष्णात दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चौकटीतूनच म्हणाला, "पोरी, त्यो पाचशे साठ पडूनच ऱ्हायला. त्याला बसंल असा प्रोसेसर मिळतोय म्हनं."

"मिळतो, आप्पा."

"मग घ्यायचा का एकांदा?"

"आवं," विजयमाला म्हणाली, "आता तुमी उसाचंच बघा."

कृष्णातनं टोपी सारखी केली. "व्हय, तेबी खरं," म्हणाला आणि गेला. त्याच्याकडून माफी म्हणून एवढंच यायचं होतं, आणि ते आलं, हे घरातल्या दोघींनाही कळलं.

शनिवारी दुपारी चित्रं गेली. विजयमाला मागच्या पडवीत तूर पाखडत बसली होती. खिडकी उघडी होती, फोनवरचं बोलणं कानावर येत होतं.

"हो मॅडम, सगळी सात पाठवली. जिन्यावरचा उजेड बदललाय तुम्ही म्हटल्याप्रमाणे." मग बराच वेळ नुसतं हं, हं. "पुढचं? पाठवा की. फेब्रुवारीपासून दोन महिने थांबेन मी, मग परत चालू." पुन्हा थांबली. विजयमालाचं सूप हातातच थांबलं. "पुण्याला? नाही. इथूनच करणार."

आनंद झाला म्हणावा तर तो लगेच आला नाही. आधी खांदा दुखला, मग पाय, मग दोन दिवसांच्या उभ्या प्रवासाचा सगळा शीण एकदम अंगावर उतरला. तिनं सूप बाजूला ठेवलं.

क्रांती दारात आली. भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, आणि सूप स्वतःकडं ओढून घेतलं.

"पुढच्या वेळी दुकानात काही घ्यायचं असेल, तर तुम्ही बोलायचं," ती म्हणाली. "माणसं असली तरी."

"बोलीन," विजयमाला म्हणाली. "आता जरा आडवी व्हती."

ती तिथंच पडवीत, पोत्यावर हात उशाला घेऊन कलंडली. क्रांतीला सूप धड धरता येत नव्हतं. तूर थोडी आत, थोडी बाहेर पडत होती. विजयमालाला ते ऐकू येत होतं. उठून सूप कसं धरायचं ते दाखवावं असं तिला वाटलं, पण ती उठली नाही.